सल्ला : ‘सतरा वर्षं शिकवल्यावर आता पात्रता विचारतात’

पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ३१, आम्ही दोघंच शिक्षक. २००८ ला लागले. सरकार कोणतंही येवो, नवा पॅटर्न येतोच. सकाळी पोषण आहाराचं ॲप, मग ऑनलाइन हजेरी, मग कोणत्या तरी उपक्रमाचे फोटो. परवा एक पालक म्हणाले, “मॅडम, तुम्ही तं दिवसभर मोबाईलच पाहून राहिल्या, पोट्ट्यायले कवा शिकवता?” त्यात आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. खरं सांगू? नवा जीआर (शासन निर्णय) आला की आजकाल मी काहीच करत नाही. बदलेलच, म्हणून वाट पाहते. मी अशी नव्हते. भाचीला डी.एड. करायचं आहे, तिला काय सांगू? – एक शिक्षिका, तालुका घाटंजी

ताई,

मोबाईलचा आणि टीईटीचा त्रास खराच आहे. पण तुमच्या पत्रात आम्ही थांबलो ते ‘वाट पाहते’ या शब्दांपाशी. ॲपचा त्रास शाळा सुटल्यावर घरी येत नाही. ही सवय मात्र हळूहळू वर्गातल्या कामाला लागते. जीआरची वाट पाहणारा माणूस पुढे मुलाचीही वाट पाहू लागतो, ‘येईल त्याला पुढच्या वर्षी’ म्हणत.

सवय लागली यात तुमचा दोष नाही. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं आली, २०२५ च्या जानेवारीत ती काढायचं ठरलं. २०२४-२५ ला ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून गणवेश राज्यस्तरावरून येणार होता, त्याच वर्षी डिसेंबरात ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरने पहिलीपासून हिंदी आणली, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. विदर्भातल्या शाळा तेव्हा जेमतेम आठवडाभर उघडल्या होत्या. २०१४ ते २०२४ या काळात शालेय शिक्षण खात्याला निदान पाच मंत्री मिळाले. पहिलीत आलेलं मूल चौथी पास होईपर्यंत मंत्री बहुधा टिकत नाही, आणि प्रत्येकाला आपल्या नावाचं काही तरी हवं असतं. अशा ठिकाणी वाट पाहणं शहाणपणाचंच वाटतं.

तरी सगळं एकाच टोपलीत टाकू नका. २०१० ला लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बंद केली. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या जीआरने आकारिक मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला ७० टक्के भार रोजचं निरीक्षण, उपक्रम अशा वर्षभराच्या नोंदींवर, ३० टक्के लेखी-तोंडी चाचणीवर. शिक्षकाच्या नजरेवर सरकारने इतका विश्वास त्याआधी क्वचितच टाकला असेल. पण तपासणीला येणारा माणूस नोंद आहे का एवढंच पाहायचा, खरी आहे का ते नाही. मग ‘वाचनाची आवड आहे’, ‘स्वतःची कामे स्वतः करतो’ अशा तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि ३१ मुलांच्या पानांवर तीच आठ वाक्यं आलटून पालटून उतरली. विश्वास टाकणारी सुधारणा नक्कल करायचं काम होऊन बसली. शिक्षकाचं नुकसान बहुतेक वेळा इथे होतं. सुधारणा चूक असते म्हणून नव्हे. तिचा पुरावा तिच्याहून मोठा होतो म्हणून.

म्हणून नवं काही आलं की आधी ते नेमकं काय आहे ते पाहा. ग्रुपवर ‘अतितात्काळ’ लिहून आलेला निरोप म्हणजे आदेश नव्हे. शासन निर्णयाला संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत मिळते. पत्र किंवा परिपत्रक असेल तर त्याला जावक क्रमांक असतो. यातलं काहीच नसेल तर केंद्रप्रमुखांना शांतपणे एवढंच विचारा, “साहेब, याचं पत्र मिळेल का? फाईलला लावावं लागते.” बरीच तातडी इथेच निवते. जीआर हाती आला की प्रस्तावना सोडा. तिथे हेतू असतात, आणि हेतू कधी वाईट नसतात. आधीचा निर्णय ‘अधिक्रमित’ केला, म्हणजे त्याच्या जागी नवा आणला आहे की नुसता सुधारला आहे ते बघा आणि थेट परिशिष्ट उघडा. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करा : हे माझ्या शिकवण्यात काही बदलतं का, हे फक्त पुरावा मागतं का, की हे माझं कामच नाही.

शिकवण्याचा भाग बहुधा अर्ध्या पानाचा निघतो. तेवढ्यासाठी वाट पाहू नका. पंधरा दिवस वर्गात करून पाहा, मुलांना फायदा झाला तर ठेवा. जीआर रद्द झाला तरी चांगली चाललेली पद्धत परत मागायला कोणी येत नाही. पुराव्याचं काम मात्र कमीत कमी वेळात, मुदतीत आणि काहीही डोकं न लावता उरकायचं. सध्या तुमचा क्रम उलटा झालेला दिसतो : फोटो त्याच दिवशी जातो, शिकवणं थांबून राहतं.

पुराव्याच्या कामातही एक भेद आहे, तो कडू आहे पण खरा आहे. विद्यार्थ्यांची आधार पडताळणी कितीही रटाळ असली तरी तिच्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मिळणार ते, ठरते. ३० सप्टेंबरच्या पटातली आधार जुळलेली मुलं धरली जातात. तुमच्या ३१ मधली ११-१२ नावं जुळली नाहीत तर कागदावर पट २० वर किंवा त्याखाली येतो आणि दुसरं पद धोक्यात येतं. नावं न जुळण्याचं कारण बहुधा एखादा काना, वडिलांच्या नावातला ‘राव’, किंवा दाखल-खारीज रजिस्टर आणि आधारवरची वेगळी जन्मतारीख. एक वही घ्या. दर मुलामागे एक ओळ : दाखल क्रमांक, रजिस्टरमधलं नाव, आधारवरचं नाव जसं छापलं तसं, दोन्हीकडची जन्मतारीख, अपारसाठी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) पालकाचं संमतीपत्र आहे की नाही. हे काम जुलैत करा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल रांगतं आणि आधार केंद्रावर गर्दी उसळते. रोजच्या नोंदींसाठी दोघांनी वार वाटून घ्या. ज्याचा वार त्याचा फोन, दुसऱ्याचा फोन कपाटात. पोषण आहाराची नोंद जेवणाच्या सुटीत, बाकीचं शाळा सुटल्यावर. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळत असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने तसं लेखी कळवून ठेवा, म्हणजे उशिराची नोटीस आली तर उत्तर तयार असतं.

‘माझं कामच नाही’ या खुणेचा आधार कायद्यात आहे. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीनच बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. २३ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांच्या याद्याही दिल्या आहेत. त्याची छापील प्रत कार्यालयातल्या फाईलला लावून ठेवा. मात्र यू-डायस (शाळेची वार्षिक माहिती) किंवा चाचण्यांचे गुण ही कामं अशैक्षणिक म्हणून टळतील अशी आशा धरू नका. मतदार यादीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं आहे की ते सुटीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. ड्यूटीचा आदेश आला की नकार देऊ नका, या निकालाचा उल्लेख करून वेळ बदलून मागा. नकार दिला की भांडण तुमच्याशी होतं. वेळ मागितली तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

आता तुमची स्वतःची वही. ही कोणी मागत नाही, आणि तेच तिचं बळ आहे. दोनशे पानी, प्रत्येक मुलाला चार पानं. वर्षातून तीन वेळा नोंद करा : शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांनी, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीच्या मध्यात. दिवसाला सहा मुलं घेतली तर आठवड्यात सगळी होतात, एका मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात.

दुसरी ते चौथीसाठी साठेक शब्दांचा न वाचलेला उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला नको, तो अर्ध्या मुलांना तोंडपाठ असतो आणि ‘वाचन छान’ अशी खोटी नोंद होते. मुलाला शेजारी बसवा, एक मिनिट वाचू द्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, समजून. आकडा लिहा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चूक कोणत्या जातीची ते लिहा : रफार, जोडाक्षर, वेलांटी, की शब्दाचं पहिलं अक्षर पाहून अंदाज. ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणणारं मूल चुकलेलं नाही. त्याने अक्षर ओळखलं, उच्चार घरचा केला. शब्द बरोबर धरा. कोलाम पोडावरून (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून) येणाऱ्या मुलाला वाचून झाल्यावर अर्थ कोलामीत सांगू द्या. तुम्हाला कोलामी येत नसेल तर चौथीतलं एखादं मूल सांगेल. हे मूल ३५ शब्दांवर असेल तर त्याची तुलना ६० शी नको, त्याच्याच जुलैच्या आकड्याशी करा. नाहीतर मूल धावत वाचायला शिकतं आणि शेवटी काय वाचलं विचारलं की गप्प बसतं.

गणितात तिसरी-चौथीला एकच वजाबाकी पुरते : ३०२ वजा १४७. उत्तर १५५. एका मुलाचं २४५ येईल. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा करतंय, कोण वर आहे नि कोण खाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्याचं ६५ येईल. त्याला हातचा घेणं माहीत आहे, पण शून्य ओलांडून ते थेट शतकाकडूनच दोन वेळा उसनं घेतं. पोर्टलवर दोघांनाही शून्य गुण. पण इलाज अगदी वेगळा. पहिल्याला तुराट्यांचे तुकडे आणि दहा-दहाचे गठ्ठे देऊन ‘दोनातून सात काढून दाखव’ इथून सुरुवात करावी लागते. दुसऱ्याला शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक करायचे आणि त्यातला एक दशक पुढे द्यायचा, एवढीच पायरी दाखवायची आहे. ताई, तुमचा पेशा म्हणजे या दोन शून्यांमधला फरक ओळखणं. तो फरक गुण भरायच्या चॅटबॉटवर भरता येत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही, आणि जे मोजलं जात नाही ते आपण करतच नाही असं हळूहळू स्वतःलाच वाटू लागतं. तुमच्या बाबतीत हेच झालं आहे असा आमचा कयास आहे.

पानाच्या कोपऱ्यात गैरहजेरी कारणासकट लिहा. दिवाळीपासून कापसाची वेचणी लागली की मोठ्या बहिणी धाकट्याला सांभाळायला घरी राहतात. त्या दिवसांत कमी पडलेले गुण तुमच्या शिकवण्याचे नाहीत आणि मुलीच्या बुद्धीचेही नाहीत. ती परत आली की पुन्हा एकदा वाचून घ्या. प्रगतिपत्रकावरच्या वर्णनात्मक नोंदी याच वहीतून, मुलामागे दोन खरी वाक्यं. यादीतली आठ बंद.

वहीचा दुसरा उपयोग भेटीच्या दिवशी होतो. कोणी साहेब आले आणि ‘अमुक उपक्रमाची फाईल दाखवा’ म्हणाले तर फाईल दाखवाच, ती पूर्ण असू द्या. मग लगेच वही पुढे करा : “साहेब, ही नऊ मुलं जुलैत जोडाक्षरापाशी अडत होती, आता तीनच राहिली. ही तिघं पाहता का?” काही जण घड्याळ पाहतील. काही खाली बसतील. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही एवढंच मांडा, एक चूक आणि तिच्यावर काय चाललं. तिथे परिपत्रकांचं वाचन सोडून शिकवण्यावर बोलायला बरेच जण आसुसलेले असतात, सुरुवात कोण करतो याची वाट पाहत.

त्या पालकांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. ते जे पाहतात तेच बोलले. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या सभेत अगोदर वही उघडून त्यांच्या मुलाला समोर वाचायला लावा, मग महिन्यात किती तास ऑनलाइन कामात गेले ते तारखांसह सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. समितीला वाटलं तर ती स्वतः गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देईल. ते पत्र तुमच्या अक्षरात, तुमच्या भाषेत आणि कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्यांवर कधीही नको. ते एका नजरेत ओळखू येतं आणि ‘मॅडमनी गाव भडकवलं’ असा शेरा होतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, म्हणून सरकारच्या धोरणावरचा राग स्टेटसला किंवा गावच्या ग्रुपवर टाकू नका. तो संघटनेच्या निवेदनातून किंवा वरिष्ठांमार्फत लेखी जाऊ द्या.

टीईटी. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्या दिवशी सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. २००८ ला तुम्ही लागलात तेव्हा टीईटी नव्हतीच. ती अट २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने आली. म्हणजे तुम्ही तेव्हाच्या नियमांनी पात्र होता. आता नियम पुढे गेला आणि मागून येणाऱ्या गाडीत तुम्हालाही बसवलं. हे अन्यायाचं वाटणं रास्त आहे. पण मुदत वाढेल, सूट मिळेल या चर्चेवर वर्ष घालवू नका. शिवाय फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची मुख्य फेरी आहे आणि त्यात शिक्षक असणारच. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या संधीपर्यंत थांबू नका.

पहिली ते पाचवीसाठी पेपर एक : १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण, मागास प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५५ टक्के. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा ठेवू नका. हिशेब असा धरा : मराठी २४, परिसर २०, बालमानसशास्त्र २०, गणित १६, इंग्रजी १४, एकूण ९४. इंग्रजीची भीती असेल तर ती चौदापुरतीच मर्यादित ठेवा. अनुभवी शिक्षक अडतात ते बालमानसशास्त्रात. ‘मूल उत्तर देत नाही, तुम्ही काय कराल’ याला ते आपण वर्गात खरंच जे करतो ते उत्तर देतात. परीक्षेला पियाजे, वायगॉट्स्की या बालविकासाच्या अभ्यासकांच्या चौकटीतलं उत्तर हवं असतं. जुन्या पाच प्रश्नपत्रिका सोडवल्या की तो ढंग कळतो. रोज एक तास, सहा महिने, आणि दर रविवारी घड्याळ लावून उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा सराव. बसलेल्या वेळात गोल भरण्यातच दहा-पंधरा मिनिटं जातात. प्रमाणपत्र आता आजन्म चालतं, पुन्हा द्यावी लागणार नाही. आणि कोणी ‘सेटिंग’ची भाषा केली तर उठून जा : २०१९-२० च्या टीईटीतल्या गैरप्रकारात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई झाली. नापास झालात तरी वहीतलं एकही पान खोटं ठरत नाही. या परीक्षेत ३०२ वजा १४७ चं उत्तर विचारतील, ६५ का आलं ते विचारणार नाहीत.

भाचीला खरं ते सांगा. डी.एल.एड.ची (पूर्वीचं डी.एड.) दोन वर्षं, मग टीईटी, मग २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर भरती निघेपर्यंत थांबणं. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, यावरून थांबणं किती असू शकतं ते तिला कळेल. नोकरी लागली की तीन वर्षं शिक्षण सेवक, प्राथमिकला मानधन महिना १६ हजार, आणि पहिली नेमणूक बहुधा घरापासून लांब. हे सगळं ऐकूनही तिची इच्छा असेल तर फेब्रुवारीत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठ दिवस तिला तुमच्या वर्गात बसवा. पहिले चार दिवस नुसतं पाहू दे. पाचव्या दिवशी वजाबाकीच्या वह्या तिच्यासमोर ठेवा आणि कोणत्या मुलाचं नेमकं काय चुकलं ते तिला शोधू द्या. त्यात ती रमली तर फॉर्म भरू द्या. कंटाळली तर तिला दुसरं काही तरी शोधायला मदत करा.